सौदाघरातल्या दोन थपडा

आबा,

आपल्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. मी पहिलीत असताना तुम्ही लाथ घालून ती तोडलीत आणि पुन्हा कधी बसवली नाहीत. पत्र्याची एक खोली, मागे गटार, पुढे हळदीच्या गोदामाची भिंत. तुमच्या अंगाला, आपल्या भांड्यांना, माझ्या वह्यांनासुद्धा हळदीचा वास. शाळेतल्या बाई चेष्टेनं विचारायच्या, "काय गं, तुमच्या घरी रोज लग्न असतं का?" मी हसून खाली बसायचे. घरी रोज काय असायचं ते वर्गात सांगण्यासारखं नव्हतं.

सांगलीच्या मार्केट यार्डात तुम्ही हमाल. दिवसभर पाठीवर पोती, हातात लोखंडी हूक. तुम्ही घरी आलात की आई पहिल्यांदा तो हूक तुमच्या हातातून काढून घ्यायची आणि पाण्याच्या पिंपामागं ठेवायची. इतरांच्या बायका नवऱ्याच्या हातातली पिशवी घेतात, तसा. मग चहा. चहाला उशीर झाला, भाकरी करपली, यार्डात कुणी 'ए' म्हणून हाक मारली, एखाद्या अडत्यानं चारचौघांत आईवरून शिवी दिली, यातलं काहीही एक झालं की तुमचा हात उठायचा. अडत्याचं देणं आईच्या पाठीवर फिटायचं.

मी पाचवीत असताना तुम्ही आईचा उजवा हात पिरगाळून दाराच्या चौकटीवर आपटलात. मनगट मोडलं. तीन दिवस हळद-चुन्याचा लेप लावून तुम्ही तिला घरातच बसवलंत, कारण डॉक्टर विचारेल. चौथ्या दिवशी नेलं तोवर हाड वाकडं धरलं होतं. त्यानंतर आपल्या घरातल्या भाकऱ्या मी थापल्या. अकरा वर्षांची होते.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का, असं लोक म्हणतील. तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. जलदानविधीला सगळे चांगलंच बोलले. यार्डातले लोक म्हणाले, अंगात हत्तीचं बळ होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, तापट होते पण मनात काही नव्हतं.  मनात बरंच काही होतं, आबा, ते मला माहीत होतं. आणि तुम्हाला खोटं आवडायचं नाही. निदान दुसऱ्यांनी बोललेलं.

तर खरंच बोलायचं तर हेही बोललं पाहिजे. मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात मामा माझ्यासाठी स्थळ घेऊन आला. मुलाचं किराणा दुकान. आई हो म्हणून बसली होती. तुम्ही यार्डातून आलात, ऐकून घेतलंत आणि मामाला कॉलरला धरून बाहेर काढलंत. गटाराच्या कडेला नेऊन दोन ठेवून दिल्यात. "माझी पोरगी विंजनेर हुनार हाय. पुन्हा ह्या दारात स्थळ घिऊन आलास तर तंगडं मोडीन." मामा आठ वर्षं आपल्याकडं आला नाही. मी इंजिनिअर झाले. ज्या हातानं आईचं मनगट मोडलं त्याच हातानं माझं शिक्षण वाचवलं, आणि या दोन गोष्टी मला आजतागायत एकत्र ठेवता आलेल्या नाहीत. एक उचलली की दुसरी खाली पडते.

नोकरी लागल्यापासून मी तुमच्या मागं एकच लावलं होतं. आईला एकदा म्हणा, चुकलं माझं. एकदाच. तुम्ही मारणं थांबवलं होतंत, मी शिकून मोठी झाले म्हणून की तुमचा हात थकला म्हणून, देव जाणे. पण थांबणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. दर फोनला आपलं तेच. "म्हणालात का?" "तिला म्हाईत हाय." "तिला माहीत असून काय उपयोग, तुम्ही म्हणा." "लई शिकलीस तू." आणि फोन आईकडे.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडे जर्मनीत, ड्रेस्डेनला आलात. आईनं विमानात बसायला साफ नकार दिला, तुम्ही एकटे आलात. मी काम करते त्या कॉम्प्युटर-चिपच्या फॅक्टरीबाहेर उभं राहून तुम्ही म्हणालात, "येवढ्या मोठ्या कारखान्यात एक हमाल दिसंना." मी म्हटलं, आत सगळं यंत्रं उचलतात. तुम्हाला ते पटलं नाही. "कुनीतरी उचलत असनारच. तुला दिसत न्हाई." मग एक दिवस जेवताना विचारलंत, "तुमच्या ह्या जर्मनीत मार्केट यार्ड कुटं असतंय?" माझी लेक मैत्री तेव्हा सात वर्षांची. तिला तुमचं मराठी कळायचं, उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची, तुम्हाला ते कळायचं नाही आणि तरी तुमच्या दोघांच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. तिनं टॅबवर शोधून फोटोच पुढे धरला. बाल्टिक समुद्राकाठच्या एका बंदरात व्यापाऱ्यांचं जुनं सौदाघर. लाल विटांचं, टोकदार कमानींचं, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं. "गेनाऊ दास," मैत्री म्हणाली. नेमकं हेच. तुम्हीही मान डोलावून म्हणालात, "गेनाऊ."

मला तुम्हाला तिथं न्यायचं होतं, कारण मला मिरवायचं होतं. खोटं कशाला बोलू. ज्या सौद्यात तुम्हाला 'ए' म्हणायचे, तसाच सौदा जिथं राजेशाही थाटात व्हायचा त्या जागेत तुम्हाला तिकीट काढून, पाहुणा म्हणून घेऊन जायचं. ट्रेनमध्ये तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खिडकीला बसला होतात. मी तुमच्याकडे बघून मनात म्हणत होते, बघा आता माझ्या बापाकडं.

ते सौदाघर खरंच देखणं होतं. बाहेर बोटींचा आणि मासळीचा वास, आत पाऊल टाकलं की गारवा. विटांचे उंच खांब, वर जाऊन चांदणीसारखे फुटलेले. रंगीत काचांतून पडलेला उजेड फरशीवर सांडलेला. बाकी सगळे माना वर करून छत बघत होते. तुम्ही एकटे खाली बघत होतात.

"हितं पोती कुटनं यायची?"

मी गाईडला विचारलं. सत्तरीचा, उंच, काळी व्यापारी टोपी घातलेला माणूस. निवृत्त मास्तर होता, हौसेनं फुकट माहिती सांगायचा. त्याचा चेहराच फुलला. म्हणाला, तीस वर्षांत लोकांनी मला व्यापाऱ्यांबद्दल विचारलं, हमालांबद्दल कुणी विचारलं नाही. तो तुम्हाला धरूनच घेऊन गेला. वर माळ्यावरचं दोराचं चाक दाखवलं. मग एका लाकडी बाकाच्या टोकाला कोरलेला हमाल दाखवला, पाठीवर पोतं घेऊन वाकलेला.

तुम्ही त्या हमालाला बोटांनी चाचपलंत. "ज्यानं ह्ये कोरलंय त्यानं जन्मात पोतं उचललं न्हाई."

"का?"

"पोतं मानंवर ठेवलंय. मान मोडंल की. पोतं हितं बसतंय." तुम्ही वाकून खांद्याच्या खालची जागा दाखवलीत. मी भाषांतर केलं. गाईड इतका हसला की टोपी सरकली. त्यानं स्वतः वाकून बघितलं, तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला नीट उभं केलंत. "हां. आस्सं." दोन म्हातारे, एक काळ्या टोपीतला, एक पांढऱ्या शर्टातला. आबा, तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला फार चांगला अर्धा तास होता. मला तो तेवढाच कापून ठेवता आला असता तर.

त्यानं विचारलं, तुमच्याकडे भाव कसा ठरायचा? तुम्ही खिशातला रुमाल काढून माझ्या हातावर टाकलात, त्याखाली स्वतःचा हात घातलात आणि माझी बोटं दाबलीत. दोन व्यापारी असे रुमालाखाली हात घालून बोटांच्या दाबानं भाव सांगतात, तोंडानं अवाक्षर नाही, भोवतीच्या कुणाला काही कळत नाही. तुमचा स्वतःचा हात त्या रुमालाखाली कधी गेला नव्हता. व्यापाऱ्यांच्या कोपरांची हालचाल बघून तुम्ही सगळा हिशोब ओळखायला शिकला होतात. हे तुम्ही मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलंत. चाळीस वर्षांची झाले तोवर मला ठाऊक नव्हतं.

आणि म्हणूनच पुढचं झालं. यार्डात सौद्याचा हात झाकलेला असायचा. उघड्यावर हात उठला तर तो मारायलाच उठलेला असायचा. तुम्ही त्या जगातून आला होतात.

तुम्ही परत त्या कोरलेल्या हमालाकडे गेलात, आमच्याकडे पाठ करून. इकडे वीस-पंचवीस लोकांचं टोळकं जमलं होतं. गाईड म्हणाला, आता आमच्याकडे भाव कसा ठरायचा ते दाखवतो, कोण येतंय? मैत्रीनं मला पुढं ढकललं. त्यानं डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं आणि उजव्या हातानं माझ्या तळव्यावर सणकून टाळी दिली. तो ओरडला, बारा! मी ओरडले, पंधरा! पुन्हा सणकन. तेरा! प्रत्येक बोलीला एक फटका, भाव ठरेपर्यंत. ही त्यांची जुनी रीत. लोक हसत होते, मी किंचाळत होते, तळवा लाल झाला होता. त्या उंच छताखाली प्रत्येक फटका दुप्पट घुमत होता.

डोक्यावर पोतं पडून तुमचा एक कान कधीच गेला होता. दुसऱ्या कानानं तुम्ही तेवढं ऐकलंत. मारल्याचा आवाज आणि माझं किंचाळणं. तुम्ही वळलात. एक माणूस तुमच्या लेकीचं मनगट धरून तिला मारतोय आणि वीस माणसं बघून हसतायत.

मला तुम्ही येताना दिसलाच नाहीत. फक्त गाईडचा हात माझ्या मनगटावरून सुटला आणि तो बाकावर आडवा गेला. ठोसा त्याच्या भुवईवर बसला होता. चष्मा फरशीवर घसरत लांब गेला. रक्त लगेच आलं, डोळ्यात उतरलं, त्याच्या पांढऱ्या कॉलरवर सांडलं. तुम्ही त्याच्या छातीवर गुडघा दिलात, पुन्हा हात उचललात, "माझ्या पोरीवर हात? माझ्या पोरीवर?" एक बाई ओरडायला लागली. मी "आबा! आबा, खेळ होता तो!" म्हणून तुमच्या दंडाला लोंबकळले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खेळ हा शब्द तुमच्या कानात शिरला. तुमची मूठ सुटली. हात खाली आला.

इथं थांबून मला नीट लिहिलं पाहिजे. तुमचा हात खाली आला होता. तुम्ही उठून उभे राहिला होतात, मागं सरकला होतात, तुमच्या तोंडाचा आ झाला होता. सगळं थांबलं होतं.

आणि तेव्हा मी तुम्हाला मारलं.

कानाखाली. पूर्ण ताकदीनं. तुमची मान वळली. आणि तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून दुसरी. "आईवर हात उचलताना कुठं गेली होती ही माया? कुठं गेली होती?" मी मराठीत बोंबलत होते आणि माझाच आवाज वरून माझ्यावर पडत होता. तुम्ही हात वर केला नाहीत. गाल झाकलासुद्धा नाहीत. तुम्ही उभे राहिलात, जसे आम्ही उभे राहायचो.

पोलीस आले. माझ्या डोक्यात तुमचा व्हिसा, आउसलेंडरबेहोर्डची, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीची, पत्रं, माझी नोकरी, सगळं गरगरायला लागलं. गाईड भुवईला रुमाल दाबून बसला होता. मी त्याला रडत रडत यार्डातला उघडा हात आणि झाकलेला हात समजावून सांगितला. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग पोलिसांना म्हणाला, गैरसमज झाला, माझी तक्रार नाही. तुम्ही मला विचारलंत, "माफ करा कसं म्हनायचं?" मी सांगितलं. तुम्ही त्याचा चष्मा शोधून आणलात, शर्टाच्या टोकानं पुसलात, दोन्ही हातांनी त्याला दिलात आणि म्हणालात, "एंटशुल्डिगुंग." हात जोडून. पुन्हा एकदा, "एंटशुल्डिगुंग."

मला तिथं तुमचा गळा धरावासा वाटला, आबा. परक्या माणसाला, परक्या भाषेत, वीस मिनिटांत. आणि आईला तीस वर्षांत नाही.

गाईडनं मग मला विचारलं, "आणि तुम्ही त्यांना का मारलंत?" मी म्हटलं, "त्यांना थांबवायला." मैत्री माझा कोट धरून उभी होती. ट्रेनमध्ये तिनंही जर्मनमध्ये तेच विचारलं, आजोबांना का मारलंस? मी म्हटलं, मारलं नाही गं, थांबवलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तुम्हाला जर्मन येत नव्हतं, पण काय विचारलं गेलं ते कळायला भाषा लागत नव्हती. बर्लिन येईपर्यंत तुमच्या गालावरची माझी बोटं गेली नव्हती.

नंतरचे पाच आठवडे तुम्ही आमच्याकडे राहिलात. त्या दिवसाबद्दल तुम्ही बोलला नाहीत, मी बोलले नाही. विमानतळावर मी पुन्हा तेच म्हटलं, "घरी गेल्यावर आईला म्हणा." माझं स्वतःचं म्हणायचं राहिलंय हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. आठवलं होतं. गिळलं.

मग बावीस दिवसांपूर्वी तुम्ही यार्डात जुन्या लोकांबरोबर चहा पिता पिता बाकावर कललात आणि गेलात. मी पोचले तेव्हा बर्फाच्या लादीवर होतात. तुमचा हात हातात घेतला. तळवा अजून खरखरीत होता.

विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी आई तांदूळ निवडत होती. मी तिला सांगितलं, "आई, मी आबांना मारलं होतं. तिकडं आले होते तेव्हा."

तिचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"त्येंनीच. आल्या आल्या. म्हनले, पोरीचा हात जड हाय. माझ्यावानीच."

"हसत म्हणाले?"

"न्हाई गं. भ्याल्यावानी." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "म्हनले, त्या बारकीला दंडाला धरून वढत हुती, चार बोटं उटली. मग म्हनले, ते आपल्याकडनं गेलंय तिच्याकडं."

मला आठवलं. ट्रेनला उशीर होत होता, मैत्री बूट घालत नव्हती, सौदाघर बघायला निघालो त्याच सकाळी. मी तिला नुसतं उठवलं होतं, असं मला वाटत होतं.

"मला का नाही म्हणाले?"

"कसं म्हननार? तू ऐकून घेतलं असतंस व्हय त्येंचं?"

मी मग विचारलं, "तुला कधी म्हणाले का? चुकलं म्हणून?"

"न्हाई."

"तुला राग नाही येत?"

तिनं वाकड्या मनगटानं सूप टेकवलं. "मला त्या दिवशी प्लास्टर पायजे हुतं. आता शबुद घिऊन काय करू, भाकरी थापू? तुलाच पायजे हुता तो. माझ्या नावावर मागत हुतीस."

आबा, ही बाई सातवीपर्यंतसुद्धा शिकलेली नाही.

तर तुम्हाला सांगते. तुम्ही हात खाली आणला होतात आणि मी मारलं. मला थांबवायचं नव्हतं, मला मारायचं होतं. मला बरं वाटलं होतं, पहिल्या थपडेनंतर. म्हणून दुसरी मारली. तुम्हाला आईला मारताना असंच वाटायचं का, हे विचारायला आता कुणी नाही. चुकलं माझं. आईचं तुमच्याकडून राहिलं ते राहिलंच, ते मी माफ करणारी कोण, आणि मी करतही नाही. पण माझ्याकडून तुमचं राहिलं होतं ते हे.

परवा ड्रेस्डेनला परतले. मैत्री स्वयंपाकघरात ब्रेडला लोणी लावत होती. मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, त्या विटांच्या हॉलमध्ये मी आजोबांना मारलं होतं. थांबवायला नाही, ते आधीच थांबले होते. चुकलं माझं. तुला खोटं सांगितलं, तेही चुकलं. आणि त्या दिवशी सकाळी तुझा दंड धरला होता, तेही.

"इष वाइस," ती म्हणाली. मला माहितीये. "मी तिथंच उभी होते ना, ममा." मग सुरी खाली ठेवून तिनं मला विचारलं, "आजोबांना सांगितलंस?"

"नाही. राहून गेलं."

"मग लिही त्यांना," ती म्हणाली, या वेळी मराठीत.

म्हणून लिहिलं. आपल्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, हे तुम्ही यार्डात भेटेल त्याला सांगत फिरलात. आता हेही सांगण्यासारखं झालंय. आपल्या घरात 'चुकलं माझं' हे मोठ्यानं, समोर बसून, ज्याला म्हणायचं त्याला म्हणणारीही पहिली मी आहे.